वेदीच्या कपड्यावरचा डाग

साबण लावला आणि डाग निळा झाला.

तो लाल होता तोवर मला आशा होती. लाल म्हणजे द्राक्षारस, आणि द्राक्षारस काय, धुतला की जाईल, असं मी स्वतःला सांगत होते. पण कपडे धुवायची निळी वडी दोनदा घासली आणि माझ्या डोळ्यांदेखत रंग बदलला. आधी जांभळट, मग शाईसारखा निळा, मग राखेसारखा. चर्चच्या मागच्या अंगणातल्या नळाखाली मी वेदीचा नवा कोरा कपडा धरून उभी होते आणि कोन्सूमावशी परत यायला जेमतेम तास-दीड तास उरला होता.

१९८९ सालचा जानेवारी. गुरुवार होता, आणि रविवारी आमच्या चर्चचा सण. वसईच्या किनाऱ्याकडचं आमचं गाव. कामाधंद्यासाठी बाहेर गेलेली माणसं सणाला हमखास घरी येतात, बाहेरचे मोठे धर्मगुरू मिस्सेच्या उपासनेला येतात, आणि त्या दिवशी वेदीवर काय अंथरलंय हे गावातली प्रत्येक बाई बघते.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. लग्न होऊन या गावात आले त्याला चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, नवरा सकाळी कंपनीत गेला की दुपार सरता सरत नसे. फादर जोकिमनी एकदा विचारलं, "जसिंता, कोन्सूबाईंच्या हाताखाली जाशील का? त्यांचे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत." मी गेले.

कोन्सू तुस्कानो म्हणजे चर्चच्या कपड्यांची मालकीणच म्हणायची. धर्मगुरूंचे झगे, वेदीवरचे कपडे, मिस्सेत चषक पुसायची पांढरी फडकी, सगळं त्या धूत, इस्त्री करत, वेदीमागच्या खोलीतल्या लाकडी कपाटात घड्या लावून ठेवत. एकतीस वर्षं त्यांनी हे काम केलं होतं. नवरा वारला होता. एकुलता मुलगा बस्त्यांव वापीला कारखान्यात सुपरवायझर होता, बायकोपोरांसह तिकडेच राहायचा. मावशी घरात एकट्या, पण त्यांना एकटं म्हणायची कोणाची हिंमत नव्हती. पासष्टीच्या पुढे गेलेली बाई, लाल लुगडं, पाठ सरळ, बोलणं कमी.

त्यांच्याकडून मी खूप शिकले. मेणबत्तीचं मेण सांडलं तर वर जाड कागद ठेवून इस्त्री फिरवायची, मेण कागदात उतरतं. चषकाची फडकी भिजवलेलं पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही, त्याला प्रभूच्या रक्ताचा अंश लागलेला असतो, ते झाडाच्या मुळाशी ओतायचं. द्राक्षारसाच्या डागाचंही त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. मी हो हो म्हटलं होतं. माझं लक्ष तेव्हा खिडकीबाहेर होतं.

तो नवा कपडा त्यांनी दोन वर्षं भरला होता. पांढरं सुती कापड, पुढच्या बाजूला लोंबणाऱ्या पट्टीवर गव्हाच्या ओंब्या आणि द्राक्षांचे घोस, हिरव्या आणि सोनेरी दोऱ्यात. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, ते काही नीट झालं नाही. दुसऱ्या डोळ्याने त्या दाराशी उजेडात बसून एकेक टाका घालत. शेवटचा घोस पूर्ण झाला तेव्हा सुई डबीत ठेवत मला म्हणाल्या, "हा माझा शेवटचा. आता दोरा दिसत नाही."

त्या गुरुवारी सकाळी त्यांनी कपड्याला शेवटची इस्त्री केली आणि मोठ्या टेबलावर पसरून ठेवला.

"थोडा गार होऊ दे, मग घडी घालू," त्या म्हणाल्या. "मी घरी जाऊन डोळ्यात औषध घालून जेवून येते. तू कुप्या तेवढ्या भरून ठेव. पण इथे नको, खिडकीजवळच्या मेजावर."

मिस्सेसाठी पाण्याची एक आणि द्राक्षारसाची एक अशा काचेच्या दोन लहान कुप्या असतात. खिडकीजवळच्या मेजावर फुलदाण्या मांडलेल्या होत्या, सहा-सात. त्या उचलून खाली ठेवायचा मला कंटाळा आला. एवढंच कारण. मी मोठ्या टेबलाच्या कडेला, कपड्यापासून वीतभर अंतरावर कुपी ठेवली आणि बाटली तिरकी केली. बाटलीचं बूच अर्धवट निघालं होतं, ते एकदम सुटलं, रस उसळून बाहेर आला आणि कुपी आडवी झाली.

डाग तळहाताएवढा होता. नेमका द्राक्षांच्या मधल्या घोसाला लागून.

मी आधी पदराने चोळला. तो पसरला. मग कपडा घेऊन नळावर पळाले, साबण लावला, आणि निळा झाल्यावर धुण्याचा सोडा लावला. राखाडी रंग आणखी गडद झाला. घड्याळात तीन वाजत आले होते. कपडा ओला राहिला तर लगेच कळेल म्हणून मी आत येऊन कडक तापलेली इस्त्री त्यावर दाबून धरली. वाफेला आंबट वास येत होता. कपडा वाळला तेव्हा डाग तपकिरी झाला होता आणि बोटाने चाचपलं तर कापडाचाच भाग असल्यासारखा लागत होता.

मी घडी घातली. डाग आत जाईल अशी. कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली.

साडेतीनला मावशी आल्या. टेबल रिकामं बघून म्हणाल्या, "घडी घातलीस?"

"हो. गार झाला होता."

त्यांनी कपाट उघडून घडीवरून हात फिरवला. दिसत कमी होतं म्हणून त्या सगळं हाताने बघत. घडी नीट आहे म्हणून त्यांनी मान हलवली आणि कपाट बंद केलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी ठरवलं, संध्याकाळी सांगू. मग ठरवलं, उद्या सांगू. शुक्रवारी त्यांच्या घरी गेलेही, पण त्यांच्या ओट्यावर दोन बायका बसल्या होत्या, सणाचे पदार्थ करायला आलेल्या, आणि मावशी त्यांना त्या कपड्याबद्दलच सांगत होत्या. मी पाण्याचा पेला घेतला आणि परत आले.

शनिवारी चार वाजता वेदी सजवायला आम्ही सात-आठ जणी जमलो. फादर जोकिमही होते. मावशींनी कपाटातून घडी काढून दोन्ही हातांवर धरून आणली, वेदीवर ठेवली, आणि एफिजिन लोपीसने एक टोक धरून कपडा उलगडला. एफिजिन ही महिला मंडळाची प्रमुख, आवाजाने मोठी पण मनाने वाईट नव्हे.

"अगं बाई," ती म्हणाली. 

मावशींना काय झालंय ते कळेना. "काय गं? काय आहे?"

एफिजिनने त्यांचा हात धरून त्या जागेवर नेला. मावशींनी वाकून, डोळा अगदी कपड्याजवळ नेऊन बघितलं. मग बोटाने चाचपलं. मग ते बोट नाकाशी नेलं.

"द्राक्षारस आहे," त्या म्हणाल्या. "आणि वर इस्त्री फिरवलीय कोणीतरी."

"कपाटाची चावी कोणाकडे असते?" एफिजिनने विचारलं.

"माझ्याकडे."

"मग?"

मावशी माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, हे मला आजही लख्ख आठवतं. त्या मला साक्षीदार म्हणून विचारत होत्या.

"जसिंता, गुरुवारी मी इस्त्री केली तेव्हा हा चांगला होता ना?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. फादर बघत होते.  मी नुसती गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण मी बोलले.

"गुरुवारी चांगलाच होता, मावशी. पण काल दुपारी तुम्ही परत उघडला होतात ना? मी आले तेव्हा तुमच्या हातात होता. कुप्याही तिथेच होत्या."

शुक्रवारी दुपारी त्या चर्चमध्ये तासभर एकट्याच होत्या, हे मला माहीत होतं. कपाट त्यांनी उघडलेलंही असणार, दुसरं काही काढायला. माझ्या तोंडून ते वाक्य इतकं सहज आलं की जणू मी ते दोन दिवस तयार करून ठेवलं होतं. कदाचित ठेवलंही असेल.

मावशी वेदीच्या कडेला हात टेकवून उभ्या राहिल्या.

"काल?" त्या म्हणाल्या. "मी?"

"हो ना."

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. कपाळाला आठ्या घालून, ओठ हलवत, शुक्रवारची दुपार मनात परत परत चालून बघत असाव्यात तशा. मग अगदी हळू म्हणाल्या, "मला आठवत नाही."

फादर जोकिम पुढे आले. "असू द्या, कोन्सूबाई. वय झालं की होतं असं. जुना कपडा आहे ना, तो घालू. देवाला चालतो."

त्यांनी समजूत घालायलाच म्हटलं होतं. पण "वय झालं" हे त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी मावशींना तोंडावर म्हटलं, आणि त्यांनी ते नाकारलं नाही.

सणाच्या मिस्सेला त्या मागच्या बाकावर बसल्या. सोमवारी सकाळी माझ्या दाराशी आल्या आणि कपाटाची चावी माझ्या हातात ठेवली.

"तूच बघ आता. माझा भरवसा नाही."

"मावशी, असं काय..."

"डाग पडला त्याचं नाही गं. पडतात डाग. मी इस्त्री कशी फिरवली? तीस वर्षं सगळ्या बायकांना सांगत आलेय, द्राक्षारसावर गरम लावायचं नाही. आणि मीच लावलं, आणि मला आठवतही नाही." त्यांनी पदर सावरला. "आणखी काय काय करून विसरले असेन, कोण जाणे."

मी चावी घेतली.

पुढच्या तीन महिन्यांत मी त्यांना बदलताना पाहिलं. आधी शेजारीण म्हणाली की कोन्सूबाय दाराला कुलूप लावून निघतात आणि अर्ध्या वाटेवरून परत येऊन कुलूप ओढून बघतात. मग बाजारात त्या हातात कागद धरून दिसू लागल्या, चार वस्तू आणायच्या तरी कागद. मार्चमध्ये मी त्यांच्या घरी गेले तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर खिळ्याला चिठ्ठ्या टोचलेल्या होत्या. शाळेतल्या मुलीसारख्या मोठ्या मोठ्या अक्षरांत. "गोळी घेतली." "मीठ घातलं." "गॅस बंद केला." त्या चिठ्ठी लिहीत, काम झालं की फाडून टाकत, आणि फाडली की नाही याचीच त्यांना शंका येई.

"बघ," त्या मला म्हणाल्या, "किती वाढलंय ते."

काहीच वाढलेलं नव्हतं. त्यांना गावातल्या तीन पिढ्यांच्या बाप्तिस्म्याची वर्षं पाठ होती. पण माणसाने दिवसभर स्वतःवर पहारा ठेवला तर हातून चूक होतेच. एप्रिलमध्ये झाली. चुलीवर, म्हणजे गॅसवर, पेज ठेवून त्या कुलूप बघायला दारापर्यंत गेल्या, मग मागचं दार बघायला गेल्या, मग पुन्हा पुढचं. पेज करपली, भांडं जळलं, धूर बघून शेजारी धावत आले. कोणाला काही झालं नाही. पण शेजाऱ्याने वापीला तार केली.

बस्त्यांव आला, तीन दिवस राहिला, भिंतीवरच्या चिठ्ठ्या त्याने वाचल्या. मेच्या पहिल्या शनिवारी आईला घेऊन जायचं त्याने नक्की केलं. घर बंद करायचं, कोंबड्या शेजारी द्यायच्या. मावशींनी विरोध केला नाही. हेच सगळ्यांना नवल वाटलं.

मी पापनिवेदनाला गेले. आधी तीन वेळा जाऊनही मी हे सांगितलं नव्हतं. रागावले, कंटाळा केला, असली किरकोळ पापं सांगून आले होते. या वेळी सांगितलं. जाळीच्या पलीकडे फादर जोकिम होते. त्यांनाही तो शनिवार आठवत असणार.

"देवाची क्षमा मी तुला देऊ शकतो, जसिंता," ते म्हणाले. "पण तू त्या बाईकडून जे घेतलंयस ते मला परत देता येणार नाही. ते तुलाच द्यावं लागेल. आजच जा."

मी त्याच दिवशी गेले नाही. गुरुवारी गेले. शनिवारी त्या जाणार होत्या.

मावशी ओटीवर बसून भांडी कागदात गुंडाळत होत्या. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. फुलदाण्या, बूच, नळ, इस्त्री, घडी, आणि मग शनिवारी वेदीपाशी मी काय बोलले ते. सांगताना रडायला येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. त्यांचा हात कागदावर थांबला होता.

 मग त्यांनी विचारलं ते भलतंच.

"आधी काय लावलंस?"

"आधी पदराने पुसला. मग साबण."

"कुठला?"

"निळी वडी. मग सोडा."

"मग इस्त्री." त्यांनी मान हलवली. "चोळायचा नसतो, टिपायचा असतो. वर मीठ टाकायचं, ते रस ओढून घेतं. मग गार पाणी, मग लिंबू पिळून उन्हात. साबण सगळ्यात शेवटी. तू मला तेव्हा हाक मारली असतीस तर अर्ध्या तासात गेला असता. खूणसुद्धा राहिली नसती."

"मावशी, माझी चूक..."

"थांब." त्यांचा आवाज चढला नाही, पण मी थांबले. "म्हणजे शुक्रवारी मी तो कपडा उघडला नव्हता."

"नाही."

"कुप्या काढल्या नव्हत्या."

"नाही."

"मी शुक्रवारी फुलं बदलली, जुन्या मेणबत्त्या मोजल्या, आणि घरी आले. मला आठवत होतं ते बरोबर होतं."

"हो."

त्या उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या. मला वाटलं पाणी प्यायला गेल्या असतील. परत आल्या तेव्हा त्यांच्या मुठीत भिंतीवरच्या सगळ्या चिठ्ठ्या होत्या. त्या त्यांनी माझ्या मांडीवर टाकल्या.

"तीन महिने," त्या म्हणाल्या, "मी रोज सकाळी उठून आधी माझं स्वतःचं नाव मनात म्हणून बघत होते. आठवतंय का ते."

मी त्यांच्या पायाला हात लावायला गेले, तर त्यांनी पाय मागे घेतले.

"क्षमा वगैरे मग बघू. आधी दोन कामं कर. उद्या बस्त्यांव येतोय, त्याला सांग. मी सांगितलं तर म्हणेल, म्हातारी न जाण्यासाठी बहाणे करतेय. आणि रविवारी मिस्सेनंतर बायकांना सांग. ज्या तिथे होत्या त्या सगळ्यांना."

"सांगते."

"नक्की?"

"नक्की, मावशी."

शुक्रवारी दुपारी बस्त्यांव आला. मी त्याला अंगणातल्या विहिरीजवळ गाठलं आणि सांगितलं. तो माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, शांत माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जसिंता, तू चांगली मुलगी आहेस," तो म्हणाला. "आईचा तुझ्यावर किती जीव आहे ते मला ठाऊक आहे. तिनेच सांगितलं ना तुला असं बोलायला?"

"नाही. हे खरं आहे. मी सांडलं होतं."

"बरं, समज सांडलंस. पेज कोणी जाळली? भिंतीवर चिठ्ठ्या कोणी लावल्या? त्या मी माझ्या डोळ्यांनी वाचल्यात."

"त्या माझ्यामुळे लावल्या त्यांनी. मी खोटं बोलले म्हणून त्यांना वाटायला लागलं की..."

"तिला धीर द्यायचाय तुला, कळतंय मला. पण खोटा धीर देऊ नकोस. उद्या ती एकटी असताना आग लागली तर?"

मी आणखी बोलले. जितकं बोलले तितका तो मवाळ होत गेला, आणि तितकं त्याला ते कमी खरं वाटत गेलं. मावशी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या पुढे आल्या नाहीत.

शनिवारी सकाळी टेम्पो आला. मावशी पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या. मी खिडकीशी गेले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या रविवार आहे."

"हो, मावशी."

"बायकांनी ऐकलं तर फादर बस्त्यांवला पत्र लिहितील. फादरांचं तो ऐकेल."

टेम्पो गेला.

रविवारी मिस्सेनंतर बायका नेहमीप्रमाणे चर्चच्या अंगणात घोळक्याने उभ्या होत्या. एफिजिन होती, बाकीच्याही होत्या. मी त्यांच्याजवळ गेले. एफिजिन म्हणाली, "बरं झालं बाई, कोन्सूबाय मुलाकडे गेली. सुटली बिचारी. आणि तू आहेस म्हणून चर्चचं अडत नाही." दुसरी म्हणाली, "झगे काय सुंदर होते आज." सगळ्या माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. चार वर्षांत त्या गावात माझ्याकडे कोणी तसं बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, "मावशींनीच शिकवलंय सगळं."

आणि घरी आले.

पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. पावसाळ्याआधी सांगू म्हटलं. फादर जोकिमना पापनिवेदनात ऐकलेलं कोणाला सांगता येत नव्हतं. ते माझ्याकडे बघत आणि मी कपाटाकडे वळत असे. वर्षभरात त्यांची बदली झाली. मला मुलगी झाली, मग दुसरी झाली. वेदीचे कपडे माझ्या ताब्यात राहिले. वापीला मी दोन पत्रं लिहिली, दोन्हींत हवापाण्याचंच लिहिलं. उत्तर आलं नाही.

कोन्सूमावशी २००० साली वारल्या. बस्त्यांवने त्यांना मातीसाठी गावी आणलं. दफन झाल्यावर त्यांच्या जुन्या घराच्या अंगणात सगळ्यांना चहा दिला. बस्त्यांवचे केस पांढरे झाले होते. तो कप घेऊन माझ्याजवळ आला.

"आई शेवटच्या दिवसापर्यंत शाबूत होती," तो म्हणाला. "डोळे गेले होते पूर्ण, पण डोकं... माझ्या मुलांच्या परीक्षांच्या तारखा तिला आमच्याआधी आठवायच्या. डॉक्टरही म्हणाले, हिला विसरण्याचा कसलाही आजार नाही, कधी नव्हताच." मग त्याने विचारलं, "तू तेव्हा विहिरीपाशी जे सांगितलंस ते खरं होतं का, जसिंता?"

"हो," मी म्हटलं.

त्याने कप खाली ठेवला.

"आम्ही दोघं कामाला जायचो. मुलं शाळेत. आई कुठे निघून जाईल, हरवेल, याची भीती. अकरा वर्षं आम्ही बाहेरून कुलूप लावून जायचो. पहिल्या वर्षी ती रोज म्हणायची, जसिंताला विचार, फादरांना विचार, गावातल्या बायकांना विचार. मी इथल्या दोघांना फोन करून विचारलंही. ते म्हणाले, आम्ही असलं काही ऐकलेलं नाही. मग तिने म्हणायचं सोडलं."

मी एफिजिनपाशी गेले. तिच्याभोवती त्या शनिवारच्या तिघी होत्या. दोघी वारल्या होत्या. मी त्यांना सांगितलं, सगळं, बूच सुटलं तिथपासून कुलपापर्यंत. मोठ्याने सांगितलं, आजूबाजूच्या माणसांनाही ऐकू गेलं असणार. कोणी मला रागावलं नाही. मला वाटलं होतं एखादी तरी तोंडात मारेल. उलट एफिजिन रडायला लागली आणि तिने मला जवळ घेतलं. म्हणाली, एवढ्या वर्षांनी चारचौघांत कबूल करायला केवढं मन लागतं. बाकीच्याही तेच म्हणाल्या. गावात आजही म्हणतात.

बस्त्यांव तिथेच उभा होता.  रिकामे कप गोळा करून तो आत गेला.